प्रेमानं आणलेलं 'भारी' औषध

आदरणीय डॉक्टरताई,

फलटणजवळच्या गावात आमचं एकत्र कुटुंब आहे. माझे धाकटे दीर तालुक्याला मेडिकल चालवतात. घरात कुणी शिंकलं तरी रात्री येताना भाऊजी स्ट्रिप घेऊन येतात. सर्दी-घशाला ॲझिथ्रोच्या तीन गोळ्या, जुलाबाला ओफ्लॉक्सासिन-ऑर्निडाझोल, ताप रेंगाळला की सेफिक्झिम. सगळी अँटिबायोटिक्सच. पैसे घेत नाहीत. सात-आठ वर्षं असंच चाललंय आणि आम्हाला त्याचं कौतुकच होतं.

दोन महिन्यांपूर्वी सासूबाईंना (वय ६६, शुगर आहे) लघवीला जळजळ सुरू झाली. भाऊजींनी दोन वेगवेगळी औषधं दिली, उतार पडेना. मग थंडी वाजून ताप आला, कंबर एका बाजूनं भरून आली. दवाखान्यात कल्चर केलं (लघवीतले जंतू वाढवून त्यांच्यावर कोणतं औषध चालतं ते बघायची तपासणी) तर रिपोर्टवर जवळजवळ प्रत्येक औषधापुढे 'आर', म्हणजे लागू नाही. सात दिवस ॲडमिट राहून शिरेतून इंजेक्शनं घ्यावी लागली. तिथल्या डॉक्टरांनी विचारलं, "गेल्या वर्षभरात यांनी किती वेळा अँटिबायोटिक घेतलंय?" आम्ही एकमेकांच्या तोंडाकडे बघत राहिलो. कुणी मोजलंच नव्हतं.

घरी आल्यावर मी भाऊजींना म्हटलं, आता हे पुरे. ते दुखावले. "मी काय विष देतो का वहिनी?" म्हणाले. सासूबाई म्हणतात, तो प्रेमानं आणतो, तू कशाला बोललीस. मिस्टर गप्प.

त्यात चार दिवसांपूर्वी मुलाचा (वय ४) कान ठणकायला लागला, ताप १०२. बालरोगतज्ज्ञांनी कानात बघितलं, पडदा लाल होऊन फुगलाय म्हणाले आणि अमॉक्सिसिलिनचं साधं सिरप लिहून दिलं. भाऊजींनी चिठ्ठी बघून सांगितलं, "हे जुनं झालं वहिनी, याच्यापेक्षा भारी देतो, दोन दिवसांत खेळायला लागेल." मी ते घेतलं नाही. पण आता एवढी घाबरलेय की डॉक्टरांचं सिरप पाजतानाही हात थरथरतो. मागच्या आजारपणातलं अर्धं सिरप अजून फ्रिजमध्ये आहे. मी चुकतेय का? आणि भाऊजींना न दुखावता हे थांबवायचं कसं?

— एक सून, फलटण तालुका

*

आधी मुलाचं. सिरप चालू ठेवा, डॉक्टरांनी सांगितलेल्या मापानं आणि सांगितलेले सगळे दिवस. त्यांनी कानात बघितलं, पडदा फुगलेला दिसला, अंगात ताप होता, आणि मग औषध लिहिलं. अँटिबायोटिक असंच सुरू व्हायला हवं. दोन-तीन दिवसांत ठणका आणि ताप उतरायला लागतो. उतरला नाही, तर मुलाला पुन्हा त्याच डॉक्टरांकडे न्या. कानामागे सूज आली, मान ताठ झाली किंवा पोर झोपेतून उठेना, तर सकाळची वाट बघू नका.

फ्रिजमधली ती अर्धी बाटली मात्र आजच बाहेर काढा. पावडरीत पाणी कालवून केलेलं सिरप साधारण आठवडाभर धड राहतं, काहींचं थोडं जास्त. लेबलवर ते लिहिलेलं असतं. नंतर त्यातलं औषध उतरत जातं आणि आपण पोराला अर्धंमुर्धं औषध पाजत बसतो. बेसिनमध्ये ओतू नका. भाऊजींकडे परत द्या, मुदत संपलेल्या मालाबरोबर ते त्याची सोय लावतील.

आता तुमचा प्रश्न. तुम्ही चुकत नाही. तुमच्या जागी माझी मुलगी असती तर तिलाही मी हेच सांगितलं असतं.

भाऊजींच्या तोंडचा 'भारी' हा शब्द मी आयुष्यभर ऐकत आलेय, पेशंटकडून, दुकानदारांकडून, डॉक्टरांकडूनसुद्धा. औषध म्हणजे जणू बैलजोडी: जितकी दांडगी तितकी नांगरट चांगली. अँटिबायोटिकचं तसं नसतं. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१७ मध्ये या औषधांचे तीन गट पाडले. पहिल्या गटात नेहमीच्या आजारांत आधी वापरायची औषधं, दुसऱ्यात जपून वापरायची, तिसऱ्यात अगदी अडल्यावेळी काढायची राखीव. अमॉक्सिसिलिन पहिल्या गटात आहे. ॲझिथ्रोमायसिन, सेफिक्झिम आणि ओफ्लॉक्सासिन ही तिन्ही दुसऱ्या गटात आहेत. म्हणजे तुमच्या घरी शिंकेला आणि जुलाबाला जे येत होतं, ते जवळजवळ सगळं 'जपून वापरा' या रकान्यातलं होतं. तुमच्या बालरोगतज्ज्ञांनी बरोबर पहिल्या गटातलं औषध निवडलं. अशा डॉक्टरांना धरून राहा.

आणि 'जुनं' म्हणजे दुबळं नव्हे. घशाला पू आणणारा स्ट्रेप्टोकोकस नावाचा जंतू घ्या. पेनिसिलिन वापरात येऊन ऐंशी वर्षं झाली, तरी हा जंतू पेनिसिलिनपुढे अजून टिकत नाही. अमॉक्सिसिलिन त्याच घराण्यातलं. उलट ॲझिथ्रोला तो बऱ्याच ठिकाणी दाद देईनासा झालाय. मग घशाला भारी औषध कोणतं म्हणायचं?

सासूबाईंच्या रिपोर्टवरचं ते 'आर' कुठून येतं, हे तुम्हाला नीट सांगावंसं वाटतं, कारण मी बत्तीस वर्षं तेच काम केलं. कल्चरची थाळी असते तळहाताएवढी, आत फिकट पिवळसर जेली. पेशंटच्या लघवीतून वाढवलेले जंतू कापसाच्या बोळ्यानं त्या जेलीवर अंगण सारवावं तसे सगळीकडून सारखे सारवायचे. मग औषधात भिजवून वाळवलेल्या कागदाच्या चकत्या, कपाळावरच्या टिकलीएवढ्या, सहा मिलिमीटरच्या, अंतर सोडून ठेवायच्या. प्रत्येक टिकलीत एक औषध. झाकण लावून थाळी रात्रभर शरीराच्या उबेइतक्या पेटीत. सकाळी बघावं तर सगळ्या जेलीवर जंतूंची साय धरलेली असते, आणि ज्या औषधाला जंतू दाद देतो त्या टिकलीभोवती चंद्राला खळं पडावं तसं स्वच्छ वर्तुळ. पट्टीनं ते वर्तुळ मोजायचं. पुरेसं मोठं असेल तर 'एस', औषध लागू. नसेल तर 'आर'.

नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत माझ्या थाळ्या खळ्यांनी भरलेल्या असायच्या. शेवटच्या वर्षांत अशा थाळ्या वाढत गेल्या, जिथे जंतू एकेका टिकलीला अगदी खेटून उगवलेले असत. बारा टिकल्यांपैकी दोन-तीन ठिकाणीच काय ते खळं. तशी थाळी हातात आली की मी आधी पेशंटचं वय बघायची. लहान मूल असलं की फोनवर वॉर्डातल्या डॉक्टरांना सांगताना आवाज बसायचा.

आता तुम्ही म्हणाल, सर्दीच्या गोळीचा आणि सासूबाईंच्या लघवीचा संबंध काय? तो पोटातून जातो. घेतलेली गोळी घशाशी थांबत नाही, ती सगळ्या अंगात फिरते. आपल्या आतड्यात अब्जावधी जंतू राहतात, बहुतेक निरुपद्रवी, काही तर पचनाला हातभार लावणारे. ई. कोलाय त्यांतलाच एक. अँटिबायोटिक पोटात गेलं की त्यातले दाद देणारे मरतात, आणि एखादा निबर असतो तो मागे उरतो. त्याला आता मोकळं रान मिळतं. यातले काही जंतू औषधाचा रेणूच कापून टाकणारी विकरं (एन्झाइम) बनवतात, आणि ती बनवायची कृती जनुकांच्या छोट्याशा कड्यावर लिहिलेली असते. ते कडं एक जंतू शेजारच्या जंतूला देऊ शकतो, आणि एकाच कड्यावर बरेचदा चार-पाच औषधांविरुद्धच्या कृती असतात. म्हणून एका औषधाच्या वापरानं दुसरीही निकामी होऊ शकतात. हाच पोटातला ई. कोलाय एखाद दिवशी मूत्रमार्गात शिरतो. बाईच्या शरीराची ठेवण अशी की ते अंतर फार थोडं असतं, आणि शुगर असली की त्याचं आणखी फावतं. लघवीचे बहुतेक संसर्ग याच जंतूनं होतात.

ब्रिटनमधल्या संशोधकांनी २०१० मध्ये बरेच अभ्यास एकत्र ठेवून पाहिले. साध्या आजारासाठी एकदा अँटिबायोटिक घेतलं, तरी दाद न देणारे जंतू अंगात असण्याची शक्यता पहिल्या महिन्यात सगळ्यात जास्त असते आणि तो परिणाम वर्षभरापर्यंत मागे राहू शकतो. तुमच्या डॉक्टरांनी नेमकं 'वर्षभरात किती वेळा' का विचारलं, ते आता लक्षात येईल.

पण इथे थांबून एक गोष्ट ऐका, फार महत्त्वाची आहे. सासूबाईंच्या दुखण्याचं खापर भाऊजींच्या डोक्यावर फोडू नका. ते सिद्ध करता येणार नाही आणि ते न्यायाचंही होणार नाही. असे जंतू दूषित पाण्यातून येतात, खाण्यातून येतात, दवाखान्यातून येतात. युरोपातून आपल्याकडे काही आठवडे फिरायला आलेली धडधाकट माणसं परत जाताना पोटात हे जंतू घेऊन गेल्याचं तिकडच्या तपासण्यांत दिसलंय, आणि त्यांतल्या अनेकांनी इथे एक गोळीही घेतली नव्हती. तेव्हा सासूबाईंचा जंतू कुठून आला हे कुणालाच सांगता येणार नाही. घरातल्या गोळ्यांनी त्याची वाट सोपी केली असेल, एवढंच म्हणता येईल. आणि तेवढं कारण पुरेसं आहे.

माझंही सांगते. लॅबमध्ये जाण्याआधी मी तीन वर्षं एका आडगावच्या दवाखान्यात होते. माणसं आठ-दहा किलोमीटर चालत यायची, पोराला कडेवर घेऊन. सर्दीच आहे, चार दिवसांत बरी होईल, असं सांगितलं की त्यांचा चेहरा पडायचा. मग मी लाल-पिवळ्या कॅप्सूलची पुडी बांधून द्यायची. पोर बरं व्हायचं, ते होणारच होतं, आणि पुढच्या वेळी आई येऊन तीच पुडी मागायची. मीही ते प्रेमानंच करत होते. एका जागी बसून समजावायला पाच मिनिटं लागली असती, पुडीला अर्धं मिनिट लागायचं. ती पाच मिनिटं मी दिली नाहीत, याचं मला आजही वाईट वाटतं. म्हणून भाऊजींचं मला पुरतं कळतं.

पेनिसिलिन शोधणारे अलेक्झांडर फ्लेमिंग यांना १९४५ साली नोबेल मिळालं. त्या वेळच्या भाषणात त्यांनी एक काल्पनिक गोष्ट सांगितली होती. एका गृहस्थाचा घसा दुखतो. तो स्वतःच पेनिसिलिन विकत घेतो आणि थोडंसंच घेतो. जंतू मरायला पुरेसं नाही, पण त्यांना शहाणं करायला पुरेसं. मग तेच जंतू त्याच्याकडून बायकोकडे जातात. तिला न्यूमोनिया होतो, पेनिसिलिन दिलं जातं, लागू पडत नाही, आणि ती जाते. फ्लेमिंग विचारतात, या मृत्यूला जबाबदार कोण? पेनिसिलिन दुकानांत पोहोचतं न पोहोचतं तोच त्या माणसाला ही भीती वाटली होती, आणि उदाहरण म्हणून त्यानं एक घर निवडलं, नवराबायकोचं. मला ही गोष्ट नेहमी आठवते, कारण घरातल्या एकानं घेतलेलं औषध घरातल्या दुसऱ्याच्या आजारपणात आडवं येतं, हे लोकांना पटवणंच सगळ्यात अवघड जातं.

(सासूबाईंना विचारून बघा, त्यांच्या आजीच्या काळात बाळंतपणानंतरच्या तापानं किती जणी गेल्या. पायात काटा मोडून, तो पिकून माणसं दगावायची. आपल्या पिंपरीला हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची स्थापना १९५४ ची. सरकारनं एवढा कारखाना उभा केला तो पेनिसिलिन इथेच बनावं म्हणून. ज्या औषधासाठी एवढी यातायात झाली, ते शिंकेवर खर्च होताना बघवत नाही.)

भाऊजी म्हणतील, आम्ही तीन गोळ्यांचा कोर्स तर पूर्ण करतो. नको असलेला कोर्स पूर्ण केल्यानं तो योग्य होत नाही. सर्दी विषाणूंची असते, फ्लू आणि डेंग्यूही विषाणूंचेच, आणि विषाणूंवर अँटिबायोटिकचा काडीचाही परिणाम होत नाही. किती दिवसांचा कोर्स हेही आजारागणिक बदलतं: साध्या न्यूमोनियाला बरेचदा पाच दिवस पुरतात, स्ट्रेप्टोकोकसच्या घशाला दहा दिवस द्यावे लागतात, नाहीतर पुढे हृदयाच्या झडपांना इजा व्हायची भीती असते, आणि टीबीला महिनोन्‌महिने. अलीकडच्या संशोधनानं बऱ्याच आजारांतले कोर्स आखूड केलेत. म्हणून डॉक्टरांना मोकळेपणानं विचारा, "किती दिवस, आणि का?" मधे बरं वाटलं तर स्वतःच्या मनानं बंद करू नका, त्यांना फोन करा. टीबीत तर एक दिवसही चुकवायचा नाही. मुंबईत २०११-१२ च्या सुमारास हिंदुजा रुग्णालयातले डॉ. झरीर उडवाडिया यांनी असे रुग्ण जगापुढे मांडले, ज्यांचा टीबी तेव्हा तपासलेल्या एकाही औषधाला दाद देत नव्हता. चुकीची आणि अर्धवट औषधं घेत घेत माणसं तिथवर पोचतात.

मग मुलाला पुढच्या वेळी सर्दी झाली तर करायचं काय? होणारच आहे, या वयाच्या पोरांना वर्षात सहा-आठ वेळा सर्दी होते आणि एकेक सर्दी आठ-दहा दिवस रेंगाळते. शेंबूड आधी पाण्यासारखा असतो, मग पिवळा-हिरवा होतो. रंग बदलला म्हणजे अँटिबायोटिक लागतं, हा समज अगदी सुशिक्षित घरांतही आहे, आणि तो चुकीचा आहे. तापाला पॅरासिटामॉल, मुलाच्या वजनाप्रमाणे, डॉक्टरांनी सांगितलेल्या मापानं. नाकात मिठाच्या पाण्याचे थेंब. खोकल्याला रात्री चमचाभर मध. एक वर्षाच्या आतल्या बाळाला मात्र मध द्यायचा नाही. जुलाब असतील तर ओआरएस आणि झिंक, बाकी काही नाही. रक्त पडलं तर डॉक्टर.

आणि श्वास मोजायला शिका. हे प्रत्येक आईला यायला हवं. पोर शांत असताना किंवा झोपलेलं असताना सदरा वर करा, घड्याळ समोर ठेवा आणि पूर्ण एक मिनिट पोट-छाती किती वेळा वर येते ते मोजा. एक ते पाच वर्षांच्या मुलात मिनिटाला चाळीस किंवा त्याहून जास्त झालं, किंवा श्वास घेताना बरगड्यांखालचा भाग आत ओढला जायला लागला, तर ते न्यूमोनियाचं लक्षण असू शकतं. तसंच पोर काही प्यायला तयार नसेल, सारखं ओकत असेल, गळून पडलं असेल, झटका आला असेल, लघवी कमी झाली असेल, तर थेट दवाखाना गाठा. तिथे डॉक्टरांनी अँटिबायोटिक दिलं तर बिनदिक्कत द्या. तुमच्या हाताची थरथर मला त्यासाठीच थांबायला हवी आहे. या औषधांना घाबरायचं नाही. खऱ्या न्यूमोनियात, टायफॉइडमध्ये, तुमच्या सासूबाईंसारख्या चढलेल्या संसर्गात ती वेळेवर मिळाली नाहीत तर माणूस हातचा जातो. लसी पूर्ण आहेत ना, तेही कार्डावर बघून घ्या. न्यूमोकोकलची लस आता सरकारी कार्यक्रमात देशभर मिळते, आणि टायफॉइडची नवी लस तर नवी मुंबई महापालिकेनं २०१८ मध्येच मोहीम काढून मुलांना दिली होती. आजारच झाला नाही तर औषधाचा प्रश्नच येत नाही.

सासूबाईंसाठी दोनच गोष्टी. पुन्हा जळजळ सुरू झाली तर पहिली गोळी घेण्याआधी लघवीचा नमुना कल्चरला द्यायचा, मधल्या धारेचा, लॅबनं दिलेल्या निर्जंतुक बाटलीत. गोळी घेतल्यावर दिला तर जंतू उगवत नाही आणि आम्ही लॅबवाले आंधळे होतो. दुसरं, काही त्रास नसताना 'बरं झालं का बघू' म्हणून कल्चर करत बसू नका. या वयात, त्यातून शुगर असली की, लघवीत जंतू नुसते राहतात, काही करत नाहीत. त्रास नसेल तर सहसा त्यांना औषध द्यायचं नसतं.

आता भाऊजी. हे बोलणं तुम्ही एकट्यानं करू नका. मिस्टरांना सांगा, यात गप्प राहून चालणार नाही. आई त्यांची, मुलगा त्यांचा, आणि भाऊही त्यांचाच. सुरुवात त्यांनी करावी, भाऊजींच्या दुकानात नाही, गिऱ्हाइकांसमोर तर नाहीच. रविवारी घरी, चहाच्या वेळी.

भाऊजींना कायदा शिकवायला जाऊ नका, तो त्यांना आपल्यापेक्षा चांगला माहीत आहे. स्ट्रिपवरची उभी लाल रेघ, 'चिठ्ठीशिवाय नाही' याची खूण, रोज त्यांच्या बोटांखालून जाते. सेफिक्झिम ज्या एच-वन या सरकारी, कडक नियमांच्या यादीत आहे, ती यादी मार्च २०१४ पासून लागू आहे. त्यातलं औषध चिठ्ठीशिवाय द्यायचं नाही आणि डॉक्टरांचं नाव, पेशंटचं नाव, किती दिलं, हे वेगळ्या वहीत लिहून ती वही तीन वर्षं जपायची. ॲझिथ्रोलाही चिठ्ठी लागतेच. जानेवारी २०२४ मध्ये केंद्राच्या आरोग्य सेवा महासंचालकांनी डॉक्टरांना पत्र लिहून सांगितलं, की अँटिबायोटिक लिहाल तेव्हा ते कशासाठी हे चिठ्ठीवर लिहा. औषध दुकानदारांनाही चिठ्ठीशिवाय देऊ नका असं सांगितलं. भाऊजी हे सगळं गिऱ्हाइकांसाठी पाळत असतील. घरच्यांसाठी नियम सैल होतो, कारण घरच्यांकडे चिठ्ठी मागणं त्यांना परकेपणाचं वाटत असणार. ते परकेपण तुम्हीच काढून टाका. म्हणा, "भाऊजी, आमच्याकडेही चिठ्ठी मागा. नसली तर हाकलून द्या. आम्हाला राग येणार नाही." हे वाक्य सासूबाईंच्या तोंडून आलं तर सगळ्यात उत्तम.

आणि मग सासूबाईंचा तो कल्चर रिपोर्ट त्यांच्या पुढ्यात ठेवा. काही बोलू नका, त्यांना वाचू द्या. घरात तो कागद खऱ्या अर्थानं वाचता येणारा माणूस तेच आहेत. तुम्हाला ती अवघड नावं वाटतात. त्यांना प्रत्येक नाव दुकानातल्या कुठल्या कप्प्यात आहे, हे ठाऊक आहे. 'एस' लिहिलेली नावं त्यांना मोजू द्या. त्यांतली गोळीच्या रूपात किती आणि शिरेतूनच द्यायची किती, हेही तेच सांगतील. गोळीचं एखादं औषध 'एस' असूनही आईंना इंजेक्शनच का द्यावं लागलं, असं कुणी विचारलं तर सांगा: नायट्रोफ्युरँटॉइनसारखी गोळी मूत्राशयात चांगली भरते, पण किडनीत पुरेशी पोचत नाही, आणि आईंचा संसर्ग ताप आणि कंबरदुखीवरून किडनीपर्यंत चढलेला दिसत होता.

त्यानंतर त्यांच्याकडे एक काम सोपवा. घरातल्या प्रत्येकाच्या नावानं एक पान असलेली वही. कुणी, कोणतं अँटिबायोटिक, कुठल्या तारखेला, कशासाठी, कुणी लिहून दिलेलं आणि किती दिवस. पुढच्या वेळी कुठल्याही डॉक्टरांनी विचारलं की वही पुढे करायची. असली नोंद ठेवण्याची सवय त्यांना आहेच, आणि हे काम त्यांच्याइतकं नीट घरात दुसरं कुणी करणार नाही. आजवर ते औषध आणून घरच्यांची काळजी घेत होते, आता वही सांभाळून घेतील.

पहिली नोंद मुलाचीच होऊ द्या. नाव, वय ४, अमॉक्सिसिलिन, डावा कान की उजवा तेही लिहा, बालरोगतज्ज्ञांचं नाव, आणि शेवटचा डोस कधी संपला ती तारीख.